चार हजारांची हौस, अठ्ठावीसशेचा कन्व्हर्टर

डेट्रॉइटजवळ राहतो. रोज ऑफिसला जायला २००२ ची शेवरोले कॅमेरो झी-२८ आहे. ५.७ लिटरचं एलएस-१ इंजिन, पण गिअरबॉक्स चार गिअरचा ऑटोमॅटिक. यावर नाक मुरडणाऱ्यांनी संध्याकाळी साडेपाचला आय-६९६ वर क्लच दाबत बसून दाखवावं.

दुखणं एकच. सिग्नल सुटला की गाडी म्हशीसारखी उठायची. कंपनीच्या टॉर्क कन्व्हर्टरचा स्टॉल, म्हणजे गाडी जागेवर धरून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिला तर इंजिन ज्या आरपीएमपर्यंत (मिनिटाला फेरे) चढतं तो आकडा, दोन हजारांच्याही खाली आणि इंजिनाला खरा जोर येतो तीन हजारांपुढे. कन्व्हर्टर म्हणजे ढोबळमानाने समोरासमोरचे दोन पंखे: इंजिनाकडचा तेल फेकतो, त्या तेलाने गिअरबॉक्सकडचा फिरतो. स्टॉल जास्त असेल, तर इंजिन आधी वर चढतं आणि मग गाडी ओढतं.

मी ४००० आरपीएम स्टॉलचाच घ्यायचं ठरवून कन्व्हर्टर बनवणाऱ्याला फोन लावला. त्याने किंमत सांगितलीच नाही, उलट विचारलं: गाडीचं वजन किती, मागचा गिअर (मागच्या अ‍ॅक्सलमधलं गिअरचं गुणोत्तर) कोणता, कॅम (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदललाय का, ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीच्या पट्ट्यावर, किती वेळा जातोस?

"वर्षातून दोनदा."

"आणि ऑफिसला?"

मी गप्प.

मागचा गिअर ३.२३. ताशी ७० मैलांना, चौथ्या गिअरमध्ये, इंजिन जेमतेम २००० आरपीएमवर फिरतं. म्हणजे ४००० च्या स्टॉलच्या कितीतरी खाली. दोन्ही पंखे एकमेकांना जखडणारा लॉकअप क्लच लागला नाही, तर हायवेभर कन्व्हर्टर नुसता तेल घुसळत आणि तापवत बसणार. शिवाय स्टॉलचा आकडा काही कन्व्हर्टरवर कोरलेला नसतो. तोच कन्व्हर्टर जास्त टॉर्कच्या इंजिनाला जोडला की जास्त आरपीएमला स्टॉल होतो. इंजिनिअर असून हे मला तेव्हा कळलं. शेवटी २८०० चा घेतला, लॉकअपवाला, आणि सोबत तेलासाठी वेगळा कूलर.

बसवायला मित्राचं गॅरेज. कन्व्हर्टर शाफ्टवर फिरवत फिरवत आत ढकलायचा, तीन वेळा 'खट्' वाजायला हवं. दोनदा वाजलं, आम्ही खूश. गिअरबॉक्स जॅकवर चढवला, तर इंजिनाला टेकेना, बोटभर फट. मित्र म्हणे, "बोल्ट आवळ, येईल ओढून." मी पाना हातात घेतलाही होता. आवळला असता तर गिअरबॉक्समधल्या तेलाच्या पंपाचे तुकडे झाले असते. पुन्हा सगळं खाली. तिसरं 'खट्' रात्री अकराला ऐकलं. मग फ्लेक्सप्लेट (इंजिनाच्या टोकाची, कन्व्हर्टर जिला जोडतात ती चकती) आणि कन्व्हर्टरमध्ये तीनेक मिलिमीटर मोकळीक आहे ना ते पाहिलं आणि मगच त्याचे तीन बोल्ट लावले.

लॉकअप कधी लागावा, हे ट्यूनमध्ये, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅममध्ये, नव्याने बसवून घ्यावं लागलं. पेट्रोल किंचित जास्त पितेय. पार्किंगमध्ये पहिले काही दिवस रबर ताणून सोडल्यासारखं वाटायचं, पण सिग्नलला आता म्हैस राहिली नाही.

बायकोने एक चक्कर मारली आणि किल्ली परत दिली. "ही आधी ओरडते आणि मग पळते."

"अगं, त्यालाच तर पैसे मोजलेत!"