नव्या चष्म्याची सवय होईना, कारण अ‍ॅक्सिस चुकला होता: माझा अनुभव

डोळे तपासणं, फ्रेम निवडणं, चष्मा हातात पडणं हे सगळं बिनबोभाट पार पडलं. मला सांगायचंय ते त्यापुढचं. नवा चष्मा लावून उजव्या डोळ्याला नीट दिसत नव्हतं आणि दुकानात गेलं की एकच उत्तर मिळत होतं, "सवय होईल, मॅडम." अजूनही आठवलं की चीड येते, म्हणून लिहून काढतेय.

आधी माझा नंबर कसला ते सांगते. प्रकाशाचे किरण डोळ्याच्या मागच्या पडद्यावर नेमके एकवटले तरच स्पष्ट दिसतं. किरण वळवण्याचं जवळजवळ दोन-तृतीयांश काम पुढचा पारदर्शक कॉर्निया करतो, उरलेलं आतलं भिंग. मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे साधारण २४ मिलिमीटर असतो. तो एक मिलिमीटर जरी जास्त लांब असला तरी किरण पडद्याच्या अलीकडेच एकत्र येतात आणि अडीच-तीन डायऑप्टरचा (चष्म्याचा नंबर याच एककात मोजतात) मायनस नंबर लागतो. डोळा आखूड असला तर प्लस. चाळिशीचा चष्मा वेगळ्या कारणाने लागतो: आतलं भिंग ताठर होतं आणि जवळचं पाहताना पूर्वीसारखं फुगत नाही.

माझा मुख्य त्रास सिलिंड्रिकल नंबरचा. कॉर्नियाचा बाक चेंडूसारखा सगळीकडे सारखा नसून एका दिशेला जास्त आणि तिच्या काटकोनातल्या दिशेला कमी आहे. त्यामुळे किरण एका बिंदूत येतच नाहीत, अक्षरांना सावली दिसते. यावरचं भिंगही एका ठरावीक दिशेनेच बसवावं लागतं. ही दिशा म्हणजे अ‍ॅक्सिस, कागदावर १ ते १८० अंशांत लिहिलेला. माझ्या उजव्या डोळ्याला सिलिंडर २.०० आणि अ‍ॅक्सिस ७५ होता.

नवा चष्मा लावला तेव्हा दाराची चौकट कलल्यासारखी वाटली. ते मला मान्य होतं. नव्या सिलिंडरने जमीन उतरती दिसणं, कडा वाकड्या वाटणं असं सुरुवातीला होतं, आणि मेंदू ते हळूहळू जुळवून घेतो. पण माझी अक्षरंच पुसट होती, आणि अशा पुसटपणाची सवय होत नसते. हा फरक मी काउंटरवर पुन्हा पुन्हा सांगितला. समोरचा माणूस चष्मा कापडाने पुसायचा, काड्या किंचित वाकवायचा आणि परत द्यायचा. एकदा म्हणाला, "नंबर कागदाप्रमाणेच आहे." मी म्हटलं, "मग मशीनवर लावून दाखवा." मशीन मागे आहे, तंत्रज्ञ नाही, उद्या या. उद्या गेलं की तेच. माझ्या मागे उभी असलेली माणसं चष्मे घेऊन निघून जायची आणि मी तशीच उभी. डोकं दुखायचं, संध्याकाळी वाचन बंद. तपासणीच चुकली असेल असंही सुचवून झालं. म्हणून डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पुन्हा तपासलं; नंबर तोच, अ‍ॅक्सिस तोच. त्यांच्या चाचणीच्या फ्रेममधून ६/६ ची ओळ अडखळल्याशिवाय वाचता आली.

उलगडा घरीच झाला. डावा डोळा झाकून वाचताना चष्मा नाकावर जरा तिरका झाला आणि अक्षरं एकदम उमटली. सरळ केला, पुन्हा पुसट. म्हणजे भिंगाची ताकद बरोबर होती, दिशा चुकली होती. दुकानात जाऊन हेच करून दाखवलं आणि लेन्सोमीटरवर, म्हणजे भिंगाचा नंबर आणि अ‍ॅक्सिस मोजायच्या त्या मशीनवर, मोजल्याशिवाय हलणार नाही असं सांगितलं. मोजलं. अ‍ॅक्सिस ७५ ऐवजी ९० निघाला.

१५ अंश ऐकायला किरकोळ वाटतात, पण तेवढ्या फरकाने सिलिंडरचा जवळजवळ निम्मा दोष शिल्लक राहतो, म्हणजे माझ्या बाबतीत सुमारे एक डायऑप्टर. ३० अंशांनी चुकला तर राहिलेला दोष मूळच्या सिलिंडरएवढाच भरतो. जॉर्ज एअरी या इंग्लिश खगोलशास्त्रज्ञाने १८२५च्या सुमारास स्वतःच्या डोळ्याचा हा दोष मोजून तशी भिंगं बनवून घेतली होती. दोनशे वर्षांपूर्वी जे मोजता येत होतं, त्यासाठी मला इतकं भांडावं लागलं याचाच जास्त राग आहे.

काच बदलून मिळाली. ती लावून दुकानातली लांबची पाटी वाचली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याची मला जराही लाज वाटली नाही.

तुमचा सिलिंडर जास्त असेल तर चष्मा घेतानाच लेन्सोमीटरवर मोजून मागा. काही क्षणांचं काम आहे. गोल फ्रेम घेत असाल तर जपून, कारण स्क्रू सैल झाला की त्यात काच फिरते आणि अ‍ॅक्सिस बदलतो. दोन बाहुल्यांमधलं अंतर, ज्याला पीडी म्हणतात, तेही कागदावर लिहून घ्या. मोठ्या नंबराला भिंगाचा मध्य चुकला तरी डोळ्यांवर ताण येतो. चष्मा वापरल्याने नंबर वाढतो म्हणून मुलांना तो काढून ठेवायला लावू नका. तसं होत नाही. आणि हो, लहान मुलांचा नंबर थेंब घालून तपासतात, कारण त्यांचं आतलं भिंग इतकं लवचीक असतं की जोर लावून ती प्लस नंबर लपवू शकतात. थेंबांनंतर बराच वेळ जवळचं पुसट दिसतं आणि उजेड टोचतो, तेव्हा त्या दिवशी अभ्यासाची घाई ठेवू नका.