नवी टाकी का नाही बसवली?

जीप बाहेर काढली की दोन प्रश्न ठरलेले. पहिला, विकायची आहे का? नाही. दुसरा प्रश्न गाड्यांतलं थोडंफार कळणारे विचारतात. सीटखालच्या पेट्रोलच्या टाकीकडे वाकून बघतात, कथिलाने झाळलेल्या जागांवरून बोट फिरवतात आणि म्हणतात, "अहो, नवी टाकी मिळते की! ही कुजकी दुरुस्त करत कशाला बसलात?"

नवी मिळते, हे खरं आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या या विलीज जीपची नवी बॉडी, नव्या टाक्या फिलिपिन्समध्ये आजही तयार होतात. युद्धानंतर तिथे उरलेल्या जीपांच्या जीपनी, म्हणजे प्रवासी गाड्या झाल्या, आणि पत्रा ठोकणारे कारागीर तेव्हापासून त्या कामात मुरलेत. आपल्याकडे हरियाणातल्या मंडी डबवालीला गेलात तर जीपचं काहीही बनवून मिळतं. तेव्हा हट्ट म्हणून किंवा पैसे वाचवायचे म्हणून मी जुनी टाकी ठेवली असं कुणी समजू नये. कायद्याचीही भीती नव्हती. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हीए' अक्षरांचा नंबर देणारे जे नियम 2021 मध्ये आले, त्यांत चासी, बॉडी आणि इंजिन मूळचं असण्यावर भर आहे. टाकी कोणती, हे तिथे कुणी विचारत नाही.

माझं उत्तर वेगळं आहे आणि ते टाकीपेक्षा टाकीच्या जागेबद्दल जास्त आहे.

ज्यांनी ही जीप आतून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. हिची टाकी मागे नसते, बाजूलाही नसते. ड्रायव्हर तिच्यावरच बसतो. गाडी मूळची अमेरिकन, म्हणून स्टिअरिंग डावीकडे, आणि टाकीही डावीकडेच. पेट्रोल भरायचं तर ड्रायव्हरने उतरायचं, गादी उचलायची आणि खालचं झाकण उघडायचं. पंपावरची पोरं नळी हातात घेऊन गाडीला प्रदक्षिणा घालतात, मग माझ्याकडे बघतात. टाकीत 15 अमेरिकन गॅलन मावतात, म्हणजे साधारण 57 लिटर. पूर्ण भरली की चाळीसेक किलोचं ओझं तुमच्या बुडाखाली डुचमळत असतं.

एवढी मोठी टाकी सीटखाली मावावी म्हणून जमिनीच्या पत्र्यालाच एक खोलगट भाग दिलेला आहे. आम्ही त्याला खड्डाच म्हणतो. टाकीचा खालचा भाग त्या खड्ड्यात उतरतो आणि वरून पट्ट्यांनी आवळला जातो. खड्ड्याच्या तळाला पाणी जायला भोक असतं. युद्धात तीन-चार वर्षं टिकली तरी पुष्कळ, अशा हिशोबाने बनवलेल्या गाडीसाठी ही रचना उत्तमच होती. पण जीपला दरवाजे नाहीत, छप्पर असलं तर कापडाचं. पाऊस, चिखल, वाळलेली पानं, शेणमाती, सगळं ड्रायव्हरच्या पायांवाटे त्या खड्ड्यात जाऊन बसतं. भोक एकदा बुजलं की खड्ड्याचं डबकं होतं आणि टाकी त्यात वर्षानुवर्षं पाय सोडून बसते.

आमचं गाव वाईच्या पश्चिमेला, डोंगराच्या कुशीत. इथला पाऊस काय असतो ते त्या बाजूच्या माणसाला सांगायला नको. जीप लष्कराच्या लिलावातून कधीतरी आलेली, पुढे शेतावर राबलेली आणि शेवटी गोठ्याच्या पडवीत उभी राहिलेली. टाकी बाहेर काढली तेव्हा खड्ड्यातून घमेलंभर माती निघाली. तीत गवत उगवलेलं होतं.

साताऱ्यात एक रेडिएटरवाले चाचा आहेत. टाकीचं काम अशाच माणसाकडे न्यावं, वेल्डिंगवाल्याकडे नव्हे. त्यांनी टाकी उचलली, हलवली, बल्ब आत सोडून आरशात पाहिलं, मग पालथी घालून तळावर हातोडीचं टोक टकटकवलं.

"आतून ठीक आहे," ते म्हणाले. "हिला बाहेरून खाल्लंय."

नवी की जुनी याचा निकाल माझ्यापुरता तिथेच लागला. आत गंज होता, पण वरवरचा. सुकलेल्या पेट्रोलचा पिवळा-काळा राळेसारखा थर सगळीकडे बसला होता आणि त्याने पत्र्याला एक प्रकारे राखलंच होतं. भोकं पडली होती ती सगळी तळाच्या कडेने, जिथे ओली माती चिकटून होती तिथे. म्हणजे नवी टाकी आणून त्याच खड्ड्यात बसवली असती तर तिचंही तेच झालं असतं. उलट जुन्या पत्र्याला शिसं-कथिलाचा मुलामा असतो. पूर्वीच्या टाक्या तशाच पत्र्याच्या करत. आज बनणाऱ्या टाकीचा पत्रा काय प्रतीचा आहे, ते रंगाखाली कसं कळणार?

साफसफाईबद्दल लोकांना फार उत्सुकता असते, म्हणून थोडं सांगतो. आधी धोक्याचं. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी वाईट. पेट्रोल नुसतं जळतं, त्याची वाफ मात्र हवेत ठराविक प्रमाणात मिसळली की फुटते, आणि ते प्रमाण अगदी थोडं असतं, शेकडा सव्वा-दीडपासून सात-साडेसातपर्यंत. वर्षानुवर्षं कोरडी पडलेली टाकीसुद्धा शिवणींमधून आणि त्या राळेतून वाफ सोडत राहते. "वास येत नाही, लाव ज्योत" म्हणणारा मिस्त्री भेटला तर टाकी उचलावी आणि घरी यावं.

चाचांनी कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात टाकी उकळून काढली. त्यात ती राळ सुटते आणि उरलंसुरलं पेट्रोलही जातं. मग गंजासाठी लिंबूसत्त्व, म्हणजे आपलं सायट्रिक ॲसिड. किराणा मालाच्या घाऊक दुकानात मिळतं. पाण्यात विरघळवून टाकी काठोकाठ भरायची आणि रोज झाकण उघडून बघायचं. व्हिनेगरनेही होतं, फक्त वेळ लागतो आणि घरचे बोलतात. काही जण बॅटरी चार्जर लावून, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात लोखंडी सळई सोडून विजेने गंज काढतात. चांगली रीत आहे. मात्र सळई स्टेनलेस स्टीलची नको, तिच्यातून क्रोमियमचं विषारी पाणी होतं. शिवाय त्यात हायड्रोजन निघतो, तेव्हा ते काम उघड्यावरच करावं. टाकीला आत पत्र्याचे आडवे पडदे असतील तर त्यांच्या आडच्या कोपऱ्यात ही वीज नीट पोचत नाही. ॲसिडचं पाणी सगळीकडे पोचतं, म्हणून मी ते धरलं.

ॲसिड ओतून दिल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्याने खळबळून लगेच वाळवावं लागतं. 'लगेच' म्हणजे चहा प्यायला जायचं नाही. उघडा पडलेला पत्रा डोळ्यांदेखत तांबूस होऊ लागतो. आम्ही गरम हवेचा झोत आत सोडला आणि कोरडी झाल्यावर थोडं पातळ तेल फिरवलं.

इथे पुष्कळ जण आतून सीलर ओततात. पत्र्याला आतून थर द्यायचा, भोकं बुजतात, काम झालं. माझा याला विरोध आहे. सगळे सीलर वाईट असतात असं नाही, पण जुन्या पत्र्याच्या प्रत्येक कोपऱ्यातून तेल आणि गंज निघाल्याची खात्री कुणी देत नाही. जिथे तो नीट चिकटत नाही तिथून काही वर्षांनी पोपडे सुटतात आणि कार्ब्युरेटरकडे निघतात. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असताना जुन्या पद्धतीचे थर तर फारच लवकर सुटतात. शिवाय पत्र्याला भोक पडलंय हे सीलर झाकून ठेवतो आणि पत्रा बाहेरून कुजतच राहतो.

तेव्हा झाळकाम. तळाच्या कडेचा मेलेला पत्रा कापून काढला, नव्याचं ठिगळ बसवलं आणि नवसागर लावून कथिलाचा डाग दिला. डाग देताना टाकी पाण्याने भरलेली, ठिगळाच्या जागेपुरतीच कोरडी, वरचं तोंड उघडं आणि ज्योतीऐवजी तापवलेलं तांब्याचं हत्यार. चाचांचा हात बघण्यासारखा आहे. कथिल शिवणीवरून असं धावतं की कुठून कुठे गेलं ते दिसत नाही. नंतर सगळी तोंडं बंद करून सायकलच्या पंपाने अगदी हलकी हवा भरली आणि साबणाचा फेस लावला. हवा हलकीच हवी. टायरसारखी भरली तर पातळ पत्रा फुगतो आणि मग टाकी खड्ड्यात उतरत नाही.

एवढं झालं की लोकांना वाटतं, टाकी झाली. माझ्या मते खरं काम इथून सुरू होतं.

खड्डा खरवडून उघडा पत्रा दिसेपर्यंत नेला. जिथे चाळण झाली होती तिथे नवा पत्रा वेल्ड केला. टाकी जवळपास नसताना तिथे वेल्डिंग चालतं. प्रायमर, रंग, आणि सांध्यांत पाणी शिरू नये म्हणून बॉडीवाल्यांचं सीलंट. तळाचं भोक मोठं केलं नाही, मूळच्या मापाचंच ठेवलं, पण आता त्यात दर पावसाळ्यात एक काडी फिरते. टाकीच्या पोटाला जे पेट्रोल काढायचं बूच असतं ते खालून हाताला येतं की नाही, तेही तेव्हाच बघून घेतलं.

मग टाकी आणि पत्रा यांच्यामध्ये काय घालायचं? जुन्या गाड्यांत तिथे नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं जाड कापड, किंवा कॅनव्हासच्या पट्ट्या असत. मूळचं ते मूळचं म्हणणारे लोक आजही नमदा घालतात. कोरड्या मुलखात घालावा. आमच्याकडे नमदा जून महिन्यात पाणी पितो आणि नोव्हेंबरपर्यंत सोडत नाही. टाकीला ओल्या पोटिसात बांधून ठेवायची असेल तर त्याहून सोपा उपाय नाही. मी पेट्रोलला न विरघळणाऱ्या रबराच्या पट्ट्या घातल्या, त्याही सलग न लावता मध्ये जागा सोडून. पाणी येणारच आहे, त्याला वाहून जायला वाट हवी. पट्ट्यांचे तुकडे टाकीला चिकटवले, खड्ड्याला नाही, म्हणजे त्यांच्याखाली माती अडकत नाही.

आवळायच्या पट्ट्यांचं तसंच. सैल राहिली तर टाकी आपटत राहते आणि शिवणीतून तडकते. अति आवळली तर पत्रा पट्टीखाली दबतो आणि चासी पिळली की तिथेच तुटतो. जीपची चासी भरपूर पिळते. खाचखळग्यांतून जाताना पुढचा आणि मागचा भाग वेगवेगळ्या दिशेला झुकलेला डोळ्यांना दिसतो. टाकी हाताने ढकलल्यावर हलू नये, पण पट्टीच्या कडेचा पत्रा दबलेला दिसू नये, इतपत आवळायची. भरलेल्या टाकीने थोडं फिरवून आणल्यावर पुन्हा एकदा पाना लावायचा, कारण रबर बसतं.

बारीकसारीक गोष्टींनी नंतर छळू नये म्हणून आणखी थोडं. टाकी रबरावर बसली की ती गाडीच्या पत्र्यापासून वेगळी पडते, म्हणून तिला अर्थिंगची वायर हवी, नाहीतर पेट्रोलचा काटा वाटेल तसं नाचतो. झाकणातून हवा आत येते ना, हे फुंकून बघावं. ती वाट बंद असेल तर पेट्रोल ओढलं जाईल तशी टाकीत पोकळी होते आणि गाडी पाच-दहा किलोमीटरवर मान टाकते. झाकण उघडलं की सुस्कारा टाकते आणि परत चालू होते. या एका लक्षणावरून कित्येकांनी बिचारे चांगले फ्युएल पंप बदललेत. टाकीपासून पुढची रबरी नळी इथेनॉल सोसणारीच घ्यावी. जुन्या पद्धतीची नळी आतून फुगून बंद होते आणि बाहेरून नवीकोरी दिसते.

इथेनॉलचं दुखणं टाकीलाही आहे. ते हवेतली ओल ओढतं, आणि पाणी पुरेसं झालं की दोघं मिळून पेट्रोलपासून सुटून तळाला जाऊन बसतात. रोज चालणाऱ्या गाडीत हे होत नाही. आठवड्या-महिन्यातून एकदा निघणाऱ्या गाडीत होतं. म्हणून पावसाळ्यासाठी जीप पडवीत लावायच्या आधी मी खालचं बूच काढून टाकी पूर्ण रिकामी करतो, वाळवतो आणि तेलाचा हात फिरवतो. भरून ठेवावी असं सांगणारेही जाणते लोक आहेत. त्यांचं म्हणणं शुद्ध पेट्रोलच्या काळात बरोबर होतं.

राहिला तो काटा. काट्याला जोडलेला टाकीतला तरंगणारा तुकडा कॉर्कचा, वर लाखेचं पॉलिश. लाख स्पिरिटमध्ये विरघळते हे कुठलाही सुतार सांगेल, आणि इथेनॉल म्हणजे दुसरं काय? पॉलिश गेलं, कॉर्क पेट्रोल प्यायला आणि बुडाला. काटा 'रिकामी'वर जाऊन बसला. पितळेचा पोकळ तुकडा करून घ्यायचं चाचांशी बोलून ठेवलंय, पण त्यांच्याकडे सध्या ट्रॅक्टरांची गर्दी आहे. तोवर गादीखाली एक लाकडी पट्टी ठेवली आहे, तिच्यावर पाच-पाच लिटरच्या खुणा केल्यात. झाकण उघडायचं, पट्टी बुडवायची, कुठवर भिजली ते बघायचं. पंपावरची पोरं त्यावरही हसतात.