स्कुदेत्तोच्या मागे मागे: वेरोना ते उदिने

सेरी आचं, म्हणजे इटलीतल्या अव्वल फुटबॉल लीगचं, वेळापत्रक हातात पडलं की पहिली चूक होते ती विमानाचं तिकीट काढण्याची. जून-जुलैमध्ये लीग सगळ्या ३८ फेऱ्या जाहीर करते, पण बहुतेक फेऱ्यांत तिथे छापलेली तारीख म्हणजे फक्त त्या आठवड्याचा रविवार. आठवड्याच्या मधल्या मोजक्या फेऱ्या सोडल्या तर प्रत्यक्ष सामना शुक्रवारपासून सोमवारपर्यंत कधीही पडतो. दिवस आणि वेळ टीव्हीवाले, पोलीस आणि युरोपीय स्पर्धांची गणितं बघून टप्प्याटप्प्याने ठरते, कधीकधी जेमतेम तीन-चार आठवडे आधी. शनिवारी दुपारी तीन, संध्याकाळी सहा आणि रात्री पावणेनऊ. रविवारी साडेबारापासून पुन्हा तेच. सोमवारी रात्री एखादा उरलासुरला. तेव्हा नियम साधा: ज्या फेरीसाठी जायचं तिच्या शुक्रवारी पोहोचायचं आणि मंगळवारी निघायचं. मधला एक दिवस सामन्याचा, बाकीचे इटलीचे.

२०२२-२३चा हंगाम नापोलीच्या, म्हणजे त्या वर्षी स्कुदेत्तो (लीगचं विजेतेपद) जिंकलेल्या नेपल्सच्या क्लबच्या, मागे मागे फिरून बघण्यासारखा होता, आणि हे सगळे नियम त्याच एका हंगामात एकापाठोपाठ एक लागू पडत गेले.

सुरुवातच बघा. नापोलीचा पहिला सामना वेरोनात, १५ ऑगस्ट २०२२, सोमवार. आपल्याकडे स्वातंत्र्यदिन, इटलीत फेर्रागोस्तो. या दिवशी अख्खा देश समुद्रावर असतो. दुकानं, लहान खानावळी, घरगुती हॉटेलांची ऑफिसं बंद, आणि बसगाड्या सुट्टीच्या वेळापत्रकावर. वेरोनाचं बेंतेगोदी स्टेडियम पोर्ता नुओवा स्टेशनपासून चालत अर्ध्या तासाच्या आत आहे म्हणून निभावतं. पाणी आणि खाणं आदल्या दिवशीच घेऊन ठेवावं. नापोलीने तो सामना ५-२ जिंकला. नापोलीच्या नव्या जॉर्जियन खेळाडूचं, क्वारात्स्खेलिया हे नाव तेव्हा इटालियन समालोचकांनाही नीट उच्चारता येत नव्हतं.

शरद ऋतूत रोमच्या दोन फेऱ्या झाल्या. सप्टेंबरमध्ये लाझिओविरुद्ध २-१ आणि ऑक्टोबरमध्ये रोमाविरुद्ध १-०, दोन्ही ऑलिंपिकोवर. राजधानीचं स्टेडियम, पण मेट्रो तिथवर जात नाही. ए लाइनने फ्लामिनिओला उतरायचं, तिथून दोन नंबरची ट्राम पकडून शेवटच्या पियाझ्झा मांचिनी स्टॉपपर्यंत, मग नदीवरचा पूल चालत ओलांडायचा. ट्रामसाठी गर्दी असते, तेव्हा सामन्याच्या दोन तास आधी फ्लामिनिओला असावं. ऑलिंपिकोत मैदानाभोवती धावपट्टी आहे. गोलमागच्या कूर्वात, म्हणजे घरच्या कट्टर समर्थकांच्या अर्धवर्तुळाकार स्टँडमध्ये, खालच्या रांगांतून पलीकडचा गोल म्हणजे अंदाजपंचे. स्वस्त आहे म्हणून ते तिकीट घेण्यापेक्षा बाजूच्या स्टँडमधलं कोपऱ्यातलं घ्यावं.

आता तिकिटाबद्दल, कारण बहुतेक घोळ इथेच होतात.

इटलीत सामन्याचं तिकीट माणसाच्या नावावर असतं. खरेदी करताना प्रत्येक तिकिटासाठी नाव, आडनाव, जन्मतारीख आणि जन्मस्थळ भरावं लागतं. जन्मस्थळाच्या रकान्यात इटलीतल्या गावांची यादी उघडते. तिथे सांगली किंवा म्हापसा शोधत बसू नये. परदेशात जन्म झाल्याचा पर्याय निवडून देश भारत टाकायचा. मराठी माणसाची खरी अडचण मधल्या नावाची. आपल्या पासपोर्टवर बऱ्याचदा ‘गिव्हन नेम’च्या ओळीत स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. ते दोन्ही शब्द जसेच्या तसे पहिल्या नावाच्या रकान्यात भरायचे, आडनाव वेगळं. ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाची ओळच रिकामी आहे त्यांनी ऑनलाइन डोकेफोड करण्यापेक्षा क्लबच्या दुकानात पासपोर्ट घेऊन जाणं बरं.

हे इतकं काटेकोर करायचं कारण दारातच कळतं. स्टेडियमच्या बाहेर, बऱ्याचदा शे-दोनशे मीटर आधीच, लोखंडी कठड्यांची पहिली चौकी असते. तिथे स्टुअर्ड एका हातात तिकीट आणि दुसऱ्या हातात ओळखपत्र धरून नाव ताडून बघतो. पासपोर्टचा मोबाईलवरचा फोटो चालेल यावर विसंबू नये, मूळ पासपोर्टच न्यावा. दुसरी पायरी फिरत्या फाटकाची, तिथे बारकोड वाचला जातो. पहिल्या चौकीत डोळेझाक झाली म्हणून दुसऱ्या माणसाच्या नावाचं तिकीट घेऊन आत जाता येईल हा भरवसा मोठ्या सामन्यांना खोटा ठरतो. रस्त्यावर विकणाऱ्याकडून तिकीट घेऊच नये. मित्राला तिकीट द्यायचं असेल तर क्लबच्या किंवा विक्रेत्याच्या साइटवर नाव बदलण्याची सोय असते, पण ती प्रत्येक सामन्याला आणि प्रत्येक प्रकारच्या तिकिटाला मिळेलच असं नाही.

झडतीत पाण्याच्या बाटलीचं झाकण काढून घेतात. बाटली आत जाते, झाकण नाही. भरलेली झाकणबंद बाटली फेकून मारता येते, उघडी तितकी लांब जात नाही. काच, हेल्मेट, टोकदार छत्री बाहेर. मोठी बॅग ठेवायला स्टेडियमवर जागा नसते, ती स्टेशनच्या सामानघरात ठेवून यावी.

नोव्हेंबरच्या मध्यावर कतारच्या वर्ल्डकपसाठी लीग थांबली आणि ४ जानेवारीला पुन्हा सुरू झाली. त्याच रात्री मिलानच्या सान सिरो स्टेडियमवर इंटरने जेकोच्या हेडरवर नापोलीला लीगमधला हंगामातला पहिला पराभव दिला. सान सिरोला जांभळ्या एम५ लाइनचं स्टेशन अगदी दारात आहे, आणि म्हणूनच सामना सुटल्यावर ते वापरू नये. पोलीस जिन्यावर लोकांना तुकड्या-तुकड्यांनी खाली सोडतात आणि थंडीत उभं राहणं नशिबी येतं. सरळ लोत्तोपर्यंत चालत जावं, पंधरा-वीस मिनिटं लागतात, तिथे एम१ मिळते. वाटेत सॉसेजच्या पावाच्या गाड्यांचा धूर असतो. शाकाहाऱ्यांनी शहरातूनच खाऊन निघावं. तिसऱ्या मजल्यावरचं तिकीट स्वस्त असतं आणि खेळाची मांडणी तिथून झकास दिसते, फक्त उंचीचं वावडं नको.

चार दिवसांनी, ८ जानेवारीला, जेनोआत साम्पदोरियाविरुद्ध २-० असा विजय मिळाला. इथलं लुईजी फेर्रारिस हे आमच्या मते या यादीतलं सगळ्यात चांगलं मैदान. चौकोनी, धावपट्टी नाही, चार कोपऱ्यांत चार लालसर मनोरे, आणि पहिल्या रांगेत बसलं तर बाजूच्या खेळाडूचा श्वास ऐकू यावा इतकं जवळ. शेजारी तुरुंग आहे, तोही अगदी भिंतीला लागून म्हणावा असा. ब्रिन्योले स्टेशनवरून बिझान्यो नदीच्या काठाने चालत जायचं. जेनोआत शाकाहाऱ्यांची चंगळ: फोकाच्चा तर आहेच, पण फारिनाता मागावी. हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ, मोठ्या तांब्याच्या परातीत लाकडाच्या भट्टीत भाजलेलं. आपल्या बेसनाच्या धिरड्याची जाडसर बहीण.

त्याच रविवारी मात्र भलतंच घडलं. जेनोआकडे निघालेले नापोलीचे आणि मिलानकडे निघालेले रोमाचे अल्ट्रा, म्हणजे संघटित कट्टर समर्थक, आरेझ्झोजवळ ए१ महामार्गाच्या एका थांब्यावर भिडले. गृहमंत्रालयाने दोन्ही क्लबांच्या समर्थकांना दोन महिने बाहेरगावच्या सामन्यांची दारं बंद केली. प्रवाशाने यातून एवढंच घ्यावं की पाहुण्यांच्या स्टँडचं तिकीट सगळ्यात बेभरवशाचं. सामन्याच्या थोडे दिवस आधीही ते बंद होऊ शकतं, आणि चालू असलं तरी कधी समर्थक-कार्ड मागतात, कधी अमुक भागातल्या रहिवाशांना विक्री बंद असते. तटस्थ माणसाने घरच्या बाजूच्या स्टँडचं तिकीट घ्यावं आणि पाहुण्यांचा रंग अंगावर घालू नये.

आता नेपल्स. माराडोना स्टेडियम शहराच्या पश्चिमेला फुओरिग्रोत्तात आहे. मुख्य स्टेशनच्या पोटात असलेल्या पियाझ्झा गारिबाल्दीवरून लाइन २ पकडायची, सहावं स्टेशन काम्पी फ्लेग्रेई. जाताना ठीक. परतताना डब्यात शिरणं मुश्किल, तेव्हा कुमाना ही छोटी रेल्वे मोंतेसांतोपर्यंत जाते, ती लक्षात ठेवावी. इथेही धावपट्टी आहे, शिवाय खालचा मजला इतका सपाट की पुढचे उठले की खेळ संपला. वरच्या मजल्याचंच तिकीट घ्यावं. मध्यंतरात विक्रेते कॉफी लिकरच्या बोटभर बाटल्या घेऊन फिरतात; ती बोर्गेत्ती. एक पुरे.

एप्रिलअखेर वेळापत्रकाची खरी कसोटी लागली. नापोली-सालेर्निताना सामना शनिवारी, २९ तारखेला होता. जल्लोष आवरता यावा म्हणून तो रविवारी दुपारी तीनवर ढकलला, म्हणजे साडेबाराचा इंटर-लाझिओ सामना आधी संपेल. ज्यांनी शनिवार धरून रविवारचं परतीचं विमान घेतलं होतं त्यांची पंचाईत झाली. गणित असं होतं: नापोली ७८ गुण, दुसऱ्या क्रमांकावरची लाझिओ ६१. इंटरने लाझिओला ३-१ हरवलं. नापोली जिंकली तर ८१, म्हणजे २० गुणांची आघाडी आणि उरलेल्या सहा सामन्यांत जास्तीत जास्त १८. संपलं! बासष्टाव्या मिनिटाला नापोलीच्या ओलिव्हेराने कॉर्नरवर हेडरने गोल केला. फुओरिग्रोत्ता हादरलं. चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला सालेर्नितानाच्या दियाने डावीकडे वळवून मारलेला फटका जाळ्यात गेला. १-१. आघाडी १८, उरलेले गुण १८. स्पॅनिश मोहल्ल्याच्या बोळांतून खेळाडूंचे पुठ्ठ्याचे पुतळे आणि बाल्कनी ते बाल्कनी निळ्या-पांढऱ्या पताका आठवडे आधीच लागलेल्या, त्या तशाच राहिल्या. अपशकुनाला एवढं मानणाऱ्या शहराने आधीच सजावट केली याचं आम्हाला अजून नवल वाटतं.

मग गुरुवारी, ४ मेला, उदिने. देशाच्या दुसऱ्या टोकाला, स्लोव्हेनियाच्या सीमेजवळ. वेनिसहून साधी गाडी दोन तासांच्या आसपास घेते. कागदी तिकीट असेल तर फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यायचं, नाहीतर तिकीट असूनही दंड. स्टेडियम स्टेशनपासून बरंच लांब, शहराच्या दुसऱ्या बाजूला, म्हणून बस हवी. पावणेनऊचा सामना साडेदहानंतर सुटतो आणि त्या वेळी वेनिसची गाडी मिळेल या आशेवर राहू नये, मुक्काम उदिनेतच धरावा. संपाचाही अंदाज घ्यावा: इटलीत रेल्वेचे संप आधी जाहीर होतात, वाहतूक मंत्रालयाच्या साइटवर यादी असते, आणि कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ ठरावीक लोकल गाड्या धावतातच.

त्या रात्री नापोलीला एक गुण हवा होता. लोव्रिचने तेराव्या मिनिटाला उदिनेसेला पुढे नेलं. बावन्नाव्या मिनिटाला ओसिमेनने बरोबरी केली. १-१, ८० गुण, लाझिओ ६४, पाच सामने बाकी. भारतात तेव्हा ५ मेच्या रात्रीचे दोन वाजून गेले होते. १९९० नंतरचा पहिला स्कुदेत्तो, माराडोनाच्या काळानंतरचा पहिलाच. शिट्टी वाजताच लोक मैदानात उतरले आणि तिथे हाणामाऱ्याही झाल्या. अशा वेळी आपल्या जागेवरच थांबावं, गर्दीबरोबर खाली जाऊ नये. तिकडे नेपल्समध्ये रिकाम्या माराडोना स्टेडियमवर पडदे लावून हजारो लोकांनी हाच सामना बघितला होता. खरं सांगायचं तर तिथलं तिकीट उदिनेच्या तिकिटापेक्षा मोलाचं होतं.

अख्खा हंगाम एका दमात बघायचा विचार मात्र सोडून द्यावा. ऑगस्ट ते जून दहा महिने होतात आणि शेंगेन पर्यटक व्हिसावर कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. सुरुवातीचा एक तुकडा, जानेवारीचा एक आणि एप्रिल-मेचा एक, असे भाग करावेत. एकाहून जास्त वेळा प्रवेशाचा व्हिसा मागावा आणि सामन्याची तिकिटं अर्जाला जोडता येतील ही अपेक्षा ठेवू नये, कारण ती तोवर विक्रीलाच आलेली नसतात. आधी हंगामी पासवाल्यांचा हक्क, मग सगळ्यांसाठी विक्री. हॉटेल, विमान आणि ३०,००० युरोचा विमा यांवरच अर्ज उभा करावा.

शेवटची फेरी ४ जूनला. नापोलीने आधीच खालच्या श्रेणीत घसरलेल्या साम्पदोरियाला २-० हरवून ९० गुणांवर हंगाम संपवला आणि चषक उचलला. पण तळाला हिशोब उरला होता: वेरोना आणि स्पेझिया दोघांचे ३१ गुण. त्याच हंगामापासून नियम बदलला होता की विजेतेपद किंवा शेवटची वाचण्याची जागा बरोबरीत अडकली तर गोलफरक न बघता थेट एक सामना खेळायचा. तो ११ जूनला त्रयस्थ ठिकाणी, रेज्जो एमिलियात झाला, म्हणजे जागा कळल्यापासून तिकीट, गाडी आणि खोली यांना आठवडाही मिळाला नाही. रेज्जोला दोन स्टेशनं आहेत: वेगवान गाड्या शहराबाहेरच्या मेदियोपादाना स्टेशनावर थांबतात, साध्या गाड्या गावातल्या. आरक्षण करताना नाव नीट वाचावं. वेरोनाने सामना ३-१ जिंकला, स्पेझिया सेरी बीमध्ये, म्हणजे दुसऱ्या श्रेणीत, गेली.