कॉन्टॅक्ट लेन्सचा माझा अनुभव, अर्थात ‘होईल सवय मॅडम’

सातवीपासून चष्मा आहे त्यामुळे चष्म्याचं तसं काही वाटत नाही, पण पुण्यात पावसाळ्यात हेल्मेटच्या आत चष्मा घालून स्कूटी चालवून बघा, म्हणजे मी लेन्सच्या मागे का लागले ते कळेल. आतून वाफ, बाहेरून थेंब आणि समोर अचानक वळलेली रिक्षा. जूनच्या पहिल्याच पावसात ठरवलं, यंदा लेन्स घ्यायच्याच.

मला वाटलेलं चष्म्याचा कागद दाखवायचा, डबी घ्यायची आणि घरी. तसं नसतं. चष्मा डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर लांब असतो आणि लेन्स थेट बुबुळावर बसते, त्यामुळे ४ च्या पुढच्या नंबरला आकडाच बदलतो. माझा उजवा चष्म्यात मायनस ४.५०, लेन्समध्ये ४.२५. शिवाय हनुवटी टेकवून बुबुळाची गोलाई मोजतात, पापण्या उलटून बघतात, डोळे कोरडे आहेत का बघतात. हे सगळं पटापट होतं, दुखत काही नाही.

घोडं अडलं ते सिलिंडरपाशी. माझ्या उजव्या डोळ्याला १.२५ सिलिंडर आहे, म्हणजे बुबुळ चेंडूसारखं गोल नाही, लिंबासारखं एका बाजूने जास्त वळलेलं. त्याला टोरिक लेन्स लागते. आमच्या नेहमीच्या चष्म्याच्या दुकानातले दादा म्हणाले, "एवढंसं सिलिंडर, साधी लेन्स चालेल की मॅडम." त्यांनी सिलिंडरचा साधारण अर्धा आकडा नंबरात मिळवला आणि ४.७५ ची साधी लेन्स हातात ठेवली. असं करतात, अगदी कमी सिलिंडर असेल तर चालूनही जातं, पण मला तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं. मी आपली खूश.

बाहेर आले तर बसच्या पाटीवर १ आहे का ९ ते कळेना, प्रत्येक आकड्याला त्याचीच एक फिकट सावली चिकटलेली. रात्री समोरच्या गाड्यांचे दिवे तर रांगोळी हाताने पुसल्यासारखे फरफटलेले. फोन केला. "होईल सवय मॅडम, नवीन आहे ना." आठवडाभर सवय केली, संध्याकाळी कपाळ ठणकायचं. परत गेले तर "डोळे कोरडे आहेत, ड्रॉप्स टाका." ड्रॉप्स टाकले. सावली तिथेच. अहो कोरड्या डोळ्याला लेन्स टोचेल, पापणी मिटली की दिसणं बदलेल, आकड्याला दिवसभर त्याच जागी सावली कशी पडेल? पण हे सुचलं नंतर. शेवटी मीच म्हटलं टोरिक द्या, तर म्हणे तिची ट्रायल मुंबईहून येते, सोमवारी फोन करतो. तीन सोमवार गेले. दर वेळी फोन मीच केला, आणि तिसऱ्या सोमवारी उत्तर काय, "कोणता नंबर होता मॅडम तुमचा?" पाच आठवडे झाले होते! म्हटलं निदान लेन्सचा नंबर कागदावर लिहून द्या, तर चष्म्याचाच कागद झेरॉक्स करून दिला.

मग एका डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. तिथल्या ऑप्टोमेट्रिस्ट मुलीने पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, रात्री गाडी चालवता का?" मला तिथेच रडू यायचं बाकी होतं. तिने टोरिकची ट्रायल घातली आणि २० मिनिटं बाहेर बसवलं, लेन्स बसू द्यावी लागते म्हणाली. टोरिक डोळ्यात फिरून चालत नाही, बऱ्याच लेन्सना त्यासाठी खालची बाजू जाडसर ठेवतात, आणि एक बारीक खूण असते ती घड्याळातल्या ६ च्या जागी हवी. माझी खूण थोडी सरकून बसत होती, तिने मशीनमधून बघून मोजलं, १० अंश. मग डबी आली त्यावर अ‍ॅक्सिस, म्हणजे सिलिंडर कोणत्या कोनात बसवायचं तो आकडा, १०, आणि चष्म्याच्या कागदावर १८०. दुधाने तोंड पोळलेलं, मी तिथेच आवाज चढवला. ती शांतपणे म्हणाली, "लेन्स जेवढी सरकते तेवढं आम्ही नंबरात भरून काढतो, आणि १८० नंतर परत शून्यापासून मोजायचं, म्हणून १० आलं." सॉरी म्हटलं. टोरिक साध्यापेक्षा महाग पडते, पण पाटीवरचा ९ हा ९ दिसला.

तुम्ही जाणार असाल तर नखं कापून जा. लेन्स घालण्या-काढण्यावर लोक काय काय सांगतात, मला १५ मिनिटांत जमलं, हे जरा मिरवून सांगते. लेन्स बोटावर वाटीसारखी सरळ उभी राहिली तर बरोबर, कडा बशीसारख्या बाहेर पसरल्या तर उलटी. काजळ लेन्स घातल्यावर. चष्मा मोडीत काढू नका, डोळा लाल झाला की लेन्स काढून तोच लागतो. आणि हो, कागदावर नंबरासोबत बीसी, डायमीटर आणि लेन्सचं नाव असल्याशिवाय दुकानातून हलू नका, बीसी म्हणजे लेन्सची गोलाई, माझी ८.६ आहे.

नळाचं पाणी लेन्सला अजिबात नाही, फिल्टरचंसुद्धा नाही, पाण्यात अकांथामीबा नावाचा जीव असू शकतो आणि तो बुबुळाची वाट लावतो. हे माझ्या आईला पटत नाही, "उकळून घे की" म्हणते. उकळूनही नाही, आई.

महिन्याची लेन्स म्हणजे पाकीट फोडल्यापासून एक महिना, घातलेले दिवस मोजून नाही. मी हे पहिल्या महिन्यात चुकले, आता फ्रिजवर तारीख लिहून ठेवते, दुधाच्या हिशोबाच्या शेजारी.