आयर्विनला किती?

बुधवार, रात्री साडेनऊ. लाईट नाही.

साडेपाचला गेली ती अजून आलेली नाही. मेणबत्तीच्या उजेडात लिहितोय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नयेत. पाऊस थांबतो, पुन्हा सुरू होतो. आई दर पंधरा मिनिटांनी तेच विचारते, "आयर्विनला किती झालं रे?"

आयर्विन म्हणजे सांगलीतला कृष्णेवरचा पूल; तिथं पाणी किती फुटांवर आलं, ते आई विचारते. आमच्या गावभागात पावसाळ्यात एवढा एकच आकडा चालतो. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. २०१९च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आम्ही विश्रामबागला मामांकडे होतो. आईनं येताना देवघरातले देव आणि आपला रेडिओ एवढंच उचललं होतं. माझ्या हातात दुकानाच्या वह्या.

आज गल्लीच्या ग्रुपवर तासाभरात तीन आकडे आले. ३१, ३४, ३३. नदी एक, पूल एक, आकडे तीन! ३४चा फोटो नीट पाहिला तर त्यात समोरच्या काठावर ऊन पडलेलं. आज सांगलीत ऊन? फोटो कधीचा, कुणी काढला, काही पत्ता नाही. तोच फोटो मीही दुपारी अडत्यांच्या ग्रुपवर ढकलून मोकळा झालो होतो. कुणाला बोलणार?

मोठा फोन नऊ टक्क्यांवर आला म्हणून बंद करून ठेवला. गोडाऊनमध्ये पाणी शिरतंय का ते बघायला भाच्यानं दोन वर्षांपूर्वी कॅमेरा बसवून दिला होता. कौतुकाची वस्तू. या उन्हाळ्यात कंपनीनं सेवाच बंद केली. कॅमेऱ्याची काच शाबूत, वायर शाबूत, पण ॲप म्हणतं खातं सापडत नाही. पैसे मी मोजले, भोक माझ्या भिंतीला पाडलं, आणि बघायची परवानगी दुसऱ्याच्या हातात. हळदीची पोती वरच्या फळीवर चढवून घेतली आणि विषय संपवला.

मग रेडिओ लावायला गेलो तर त्याची बॅटरी उतरलेली. हा आईचा नवा रेडिओ. बाबांच्या जुन्या रेडिओला मोठे सेल लागायचे, याला मोबाईलसारखी चपटी बॅटरी. मागचं झाकण काढलं तर आत बीएल-५सी. तीच, जी माझ्या नोकिया ११००त आहे! दुकानाचा जुना नंबर मी अजून त्याच फोनवर ठेवलाय. मुलगी हसते. हा फोन २००३ साली निघाला, धुळीला दाद न देणारी बटणं, डोक्याला टॉर्च, आणि जगभरात २५ कोटींच्या आसपास विकला गेला. माझा तीनदा जिन्यावरून आणि एकदा ताकाच्या भांड्यात पडलाय. त्याची बॅटरी काढली, रेडिओत घातली, रेडिओ बोलायला लागला. फोन एका कंपनीचा, रेडिओ भलत्याच कंपनीचा, आणि दोघांचं कसं छान जमलं.

आणि काय स्वच्छ ऐकू येत होतं! एरवी मीडियम वेव्हवर नुसती खरखर असते. घरातले एलईडी दिवे, चार्जर, शेजाऱ्यांचं काय काय, सगळ्यांची घरघर त्यात मिसळते. लाईट गेली की ही सगळी मंडळी गप्प. आईनं सांगली केंद्राच्या जागी, १२५१ किलोहर्ट्झवर, नेलपॉलिशचा ठिपका देऊन ठेवलाय. काटा ठिपक्यावर आणला की झालं. पासवर्ड नाही, नाव-गाव नाही.

यावरून मुलीचं जुनं वाक्य आठवलं. ती पुण्यात कॉलेजात होती तेव्हा इंटरनेटवर काही ठरावीक साइट फुकट द्यायच्या की नाही यावर देशभर वाद चालला होता. तिनं मला ट्रायला, म्हणजे फोन-इंटरनेट कंपन्यांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी नियामकाला, ईमेल पाठवायला लावलं. मी म्हटलं, फुकट मिळतंय तर तुझं काय जातं? ती म्हणाली, "बाबा, अमुक केंद्र लावलं तर सेल कमी जळतील आणि तमुक लावलं तर जास्त, असा रेडिओ तुम्ही घ्याल का?" मुकाट्यानं पाठवलं. लाखो लोकांनी पाठवलं असणार. ८ फेब्रुवारी २०१६ला ट्रायनं साइट बघून वेगवेगळे दर लावायला बंदी घातली. त्या दिवशी तिनं फोनवर पेढे मागितले.

तो दरवाजा उघडा राहिला हे खरं. सर्न नावाच्या प्रयोगशाळेनं ३० एप्रिल १९९३ला वर्ल्ड वाइड वेब सगळ्या जगाला विनामूल्य मोकळं करून दिलं होतं, हेही तिच्याकडूनच कळलं. पण आम्ही काय केलं? नदीचा आकडा ग्रुपात कोंडला. तिथं तो ना शोधता येतो, ना तपासता येतो. कुलूप कंपन्याच लावतात असं नाही, आम्हीही काही कमी नाही.

पावणेसातला छत्री घेऊन टिळक चौकातून पुलावर गेलो. १९२९ सालचा पूल, अजून कामावर हजर. खांबावर फूट रंगवलेले आहेत, कुणीही जावं आणि वाचावं. कठड्याला पाच-पंचवीस माणसं टेकलेली, सगळ्यांच्या माना खाली. पाणी ३२ आणि ३३च्या मधे. शेजारी उभ्या असलेल्या दूधवाल्याला विचारून खात्री करून घेतली.

परत येईतो अंधार झाला. खिशात ११००, पण टॉर्च लागेना, बॅटरी रेडिओत! जिना चाचपडत चढलो. मोठा फोन चालू करून ग्रुपवर लिहिलं: "साडेबत्तीस फूट. आज, बुधवार, संध्याकाळी ७. स्वतः पाहिलं." दोन मिनिटांत त्याखाली कुणीतरी तोच उन्हातला ३४चा फोटो टाकला, हात जोडून.

आत्ता उठून रेडिओतली बॅटरी काढली, रात्री लाईट आली नाही तर टॉर्च हवा म्हणून. आई अंधारातून म्हणाली, "सकाळी सहाच्या आत परत घाल हं. आणि किती झालं?"