नावांच्या जागी आलेले चौकोन

गाडी वर्कशॉपमध्ये दुसऱ्यांदा आली, तेव्हा तिच्या जॉब कार्डावर पहिल्या वेळचेच वाक्य होते : 'स्क्रीनची भाषा आपोआप बदलते.' त्याखाली सर्व्हिस ॲडव्हायझरने 'तक्रार पुन्हा उद्भवली' असा शेरा मारला होता. तो वाचून मी अस्वस्थ झालो, कारण आधीच्या खेपेस त्याच गाडीच्या कार्डावर 'दोष दूर केला' असे लिहून सही करणारा मीच होतो.

गाड्यांच्या विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक भागांची कामे मी पाहतो. पहिल्या वेळी गाडीमालक काकांनी तक्रार अतिशय नेमकी सांगितली होती. स्क्रीन बहुतेक दिवस इंग्रजीत असते. पण एखाद्या दिवशी गाडी सुरू केली की नकाशावरची नावे आणि बटणे मराठीत येतात, वळणाच्या सूचनाही मराठीत ऐकू येतात आणि एक-दोन दिवसांनी सगळे पुन्हा इंग्रजी होते. आपण कोणत्याही सेटिंगला हात लावलेला नाही, हे त्यांनी दोनदा सांगितले. जाता जाता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, की अशा दिवशी गाडीच्या फोन मेन्यूत नावांच्या जागी कधी कधी नुसते रिकामे चौकोन दिसतात. मी ते कार्डावर लिहून घेतले, पण त्यावर विचार मात्र केला नाही.

काका गाडी ठेवून, फोन खिशात घेऊन घरी गेले. मी दिवसभरात गाडी दहा-बारा वेळा बंद-चालू केली, वर्कशॉपचा फोन जोडून नकाशा चालवून पाहिला. भाषा एकदाही बदलली नाही. इंजिन सुरू होताना बॅटरीचा दाब (व्होल्टेज) फार खाली गेला तर हेड युनिट, म्हणजे डॅशबोर्डवरची स्क्रीन चालवणारा संगणक, मधेच पुन्हा सुरू होऊ शकते, म्हणून बॅटरी तपासली. ती ठणठणीत होती. स्कॅनर लावला तर एकही फॉल्ट कोड नव्हता. हेड युनिटच्या सेटिंगमध्ये भाषा इंग्रजीच होती. भाषा बदलते आहे, अक्षरांऐवजी चौकोन येत आहेत, म्हणजे युनिटचे सॉफ्टवेअरच कुठेतरी बिघडले आहे, असा निष्कर्ष मी काढला. सॉफ्टवेअर अपडेट केले, फॅक्टरी रीसेट केला आणि गाडी देताना काकांचा फोन नव्याने जोडून दिला. दोन दिवसांनी विचारपूस केली, तेव्हा सगळे ठीक असल्याचे त्यांनी सांगितले. त्या उत्तरावर विसंबून मी सही केली.

त्यानंतर अकराव्या दिवशी गाडी परत आली, आणि या वेळी काकांबरोबर काकूही होत्या. दोघे गाडीच्या शेजारी उभे असतानाच मी आत बसून बटण दाबले. काही सेकंदांत स्क्रीनवर नकाशा उघडला आणि तो मराठीत होता. तक्रार मला पहिल्यांदाच डोळ्यांनी दिसत होती, त्यामुळे कशालाही हात न लावता मी काही वेळ नुसता पाहत राहिलो. तेव्हा लक्षात आले, की सगळी स्क्रीन मराठीत नाही. वरची पट्टी आणि एसीचा भाग इंग्रजीतच होता. मराठी होती ती फक्त मधल्या चौकटीत, जिथे अँड्रॉइड ऑटो ही फोन गाडीच्या स्क्रीनशी जोडणारी गूगलची सोय चालते तिथे, आणि तिथली जोडाक्षरे, वेलांट्या, रफार असे सगळे अगदी जागच्या जागी होते. मग मी त्या चौकटीतून बाहेर पडून गाडीचा स्वतःचा फोन मेन्यू उघडला. तिथे नावांच्या जागी चौकोनांची रांग होती.

"काका, तुमच्या फोनमध्ये नावं कोणत्या लिपीत आहेत?" मी विचारले.

"सगळी इंग्रजीत. मी कधी मराठीत साठवलीच नाहीत."

मग हे चौकोन कोणाच्या नावांचे? गाडीच्या युनिटमध्ये एखाद्या लिपीचा फाँट नसेल, तर त्या लिपीतल्या प्रत्येक अक्षराच्या जागी ते रिकामा चौकोन काढते. काकांची नावे रोमन लिपीत असतील, तर त्यांचे चौकोन होण्याचे काहीच कारण नव्हते. मी जोडलेल्या फोनांची यादी उघडली. यादीत दोन फोन होते आणि त्या क्षणी जोडलेला फोन काकांचा नव्हता. काकूंनी पर्समधून आपला फोन काढून पाहिला. त्यावर गाडीशी जोडणी चालू असल्याची सूचना होती आणि ती सूचना मराठीत होती.

हीच यादी पहिल्या खेपेस उघडली असती, तर तेव्हाही दोन फोनांची नावे दिसली असती. मी ती न पाहताच रीसेटमध्ये पुसून टाकली होती. रीसेटने तक्रार गेल्यासारखी वाटली, तीही एवढ्याचसाठी : काकूंचा फोन यादीतून गेला होता. आठव्या दिवशी त्यांना एकटीला गाडी घेऊन जायचे होते, तेव्हा त्यांनी आपला फोन पुन्हा जोडून घेतला आणि 'बिघाड' परत आला.

पण मग काका स्वतः गाडी चालवत असताना, त्यांचा फोन त्यांच्या खिशात असताना, मराठी कशी येत होती? काका मला हेच पुन्हा पुन्हा विचारत होते आणि त्यांचा प्रश्न रास्त होता. या गाडीतले युनिट सुरू झाले, की शेवटी जोडला गेलेला फोन आधी शोधते आणि तो आसपास सापडला तर दुसऱ्याकडे वळतच नाही. जोडणी बिनतारी असल्याने फोन पर्समध्ये असला तरी चालतो. ब्लूटूथवर ओळख पटते आणि मग वाय-फायवरून चित्र येऊ लागते. म्हणजे काकू एकट्या गाडी घेऊन गेल्या, की शेवटचा फोन त्यांचा होत असे, आणि दुसऱ्या दिवशी दोघे मिळून निघाले, की स्टीअरिंगवर काका असूनही स्क्रीन काकूंच्या फोनची असे. काका एकटे निघाले, की ती पुन्हा त्यांच्या फोनची होई. कारण एका दिवशी घडत होते आणि परिणाम दुसऱ्या दिवशी दिसत होता, म्हणून घरात कोणालाच दोन्हींचा संबंध जोडता आला नव्हता.

मी कामाला लागलो त्या काळात डॅशबोर्डवरच्या स्क्रीनवर जे दिसे, ते सगळे गाडीचेच असे. कारखान्याने युनिटमध्ये ज्या भाषा भरल्या असतील त्यांतली एक निवडायची, एवढाच भाषेचा विषय होता. ॲपलचे कारप्ले आणि गूगलचे अँड्रॉइड ऑटो ही दोन्ही २०१४ साली जगापुढे आली आणि ही व्यवस्था मुळातून बदलली. आता मधल्या चौकटीतले चित्र गाडी काढतच नाही. ते फोन तयार करतो, व्हिडिओसारखे गाडीकडे पाठवतो, आणि आपण स्क्रीनला बोट लावले, की गाडी फक्त 'इथे स्पर्श झाला' एवढेच फोनला कळवते. त्यामुळे त्या चौकटीची भाषा फोनची असते, आणि गाडीच्या सेटिंगमध्ये कितीही वेळा इंग्रजी निवडली तरी तिच्यात अक्षराचाही फरक पडत नाही. गाडीच्या स्वतःच्या फोन मेन्यूचे मात्र उलट आहे. तिथे फोनकडून ब्लूटूथवर फक्त मजकूर येतो आणि तो रेखाटण्याचे काम गाडी आपल्या फाँटने करते. काही युनिटांत देवनागरी फाँट असतो, पण अक्षरे जुळवण्याची सोय नसते. तिथे ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर पडते आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी होतात. या गाडीत तेवढेही नव्हते, म्हणून चौकोन. एकाच फोनमधले एकच नाव एका चौकटीत सुरेख आणि शेजारच्या मेन्यूत चौकोन होऊन दिसत असेल, तर ते दोन वेगळ्या हातांनी लिहिलेले आहे, हे मला पहिल्याच दिवशी कळायला हवे होते.

तोंडी समजावण्यापेक्षा दाखवलेले बरे, म्हणून मी काकांचा फोन मागून घेतला. गाडी उभीच होती. फोनच्या सेटिंगमधली भाषांची यादी उघडली, त्यात मराठी जोडून ती ओढून सर्वांत वर ठेवली आणि काकूंच्या फोनची जोडणी तोडून काकांचा फोन जोडला. नकाशा मराठीत उघडला; वरची पट्टी आणि एसी इंग्रजीतच राहिले. मग यादीत इंग्रजी पुन्हा वर नेली, जोडणी तोडून परत केली आणि नकाशा इंग्रजी झाला. काका स्क्रीनच्या कडेवर बोट ठेवून म्हणाले, "म्हणजे इथपर्यंत फोन आणि इथून पुढे गाडी." याहून चांगले मला सांगता आले नसते.

काकू इतका वेळ शांतपणे ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही भाषा बदलते म्हणत होता, तेव्हा मला वाटायचं, मधेच इंग्रजी होते तो बिघाड आहे. मी चालवते तेव्हा ती मराठीतच असते."

तक्रार एकाच वाक्यात लिहिलेली होती आणि त्या वाक्याचे दोन अर्थ एकाच घरात नांदत होते. कोणती भाषा बरोबर आणि कोणती चुकीची, हे आम्ही वर्कशॉपमध्ये कोणालाही विचारले नव्हते. गाडी जमा करायला आलेल्या माणसाची भाषा तीच बरोबर, असे आम्ही धरून चाललो होतो.

काकांनी लगेच उपाय सुचवला, की काकूंचा फोनही इंग्रजी करून टाकावा, म्हणजे प्रश्न मिटेल. तांत्रिकदृष्ट्या तो एका मिनिटात होणारा उपाय होता. काकू म्हणाल्या, "मला इंग्रजी येतं, पण वाचायला थांबावं लागतं. गाडी चालवताना थांबून कसं वाचू?" मला त्यांचे म्हणणे पूर्णपणे पटले आणि एरवी ग्राहकांच्या घरातल्या बोलण्यात न पडणारा मी तिथे बोललो. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०१३ साली गाडीतल्या उपकरणांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत रस्त्यावरून नजर एका वेळी २ सेकंदांहून अधिक हटू नये आणि एका कामासाठी ती एकूण १२ सेकंदांहून अधिक हटू नये, असे धरले आहे. दोन सेकंदांत ओळखू येते ती सरावाची लिपी. सरावाची नसलेली लिपी अक्षर अक्षर लावून वाचावी लागते आणि तेवढा वेळ रस्ता नजरेआड राहतो. चालवणाऱ्याची भाषा स्क्रीनवर असणे ही हौस नाही, ती ब्रेक आणि आरशांच्या रांगेत बसणारी गोष्ट आहे, असे मी मानतो. शिवाय या गाडीच्या स्वतःच्या भाषांच्या यादीत मराठी नव्हतीच. गाडीला येत नसलेली भाषा काकूंना गाडीत वाचता येत होती, ती केवळ फोनमुळे.

तेव्हा आम्ही दोन्ही फोनांच्या भाषा होत्या तशाच ठेवल्या. युनिटच्या सेटिंगमध्ये कोणत्या फोनला प्राधान्य द्यायचे ते ठरवता येत होते. तिथे काकांचा फोन पहिला लावला, कारण दोघे बरोबर असताना बहुतेक वेळा तेच चालवतात. काकू एकट्या असल्या, की त्यांचा फोन आपोआप जोडला जाईल. दोघे बरोबर आहेत आणि स्टीअरिंग काकूंकडे आहे, अशा दिवशी निघण्यापूर्वी यादीतून फोन बदलून घ्यायचा, हे मी काकूंकडून दोनदा करून घेतले. चौकोनांवर माझ्याकडे इलाज नव्हता. गाडीचा फोन मेन्यू न उघडता मधल्या चौकटीतूनच नावे शोधा, म्हणजे ती नीट दिसतील, एवढेच सांगता आले.

जॉब कार्डावर 'दोष दूर केला' असे या वेळी लिहिले नाही. 'युनिटमध्ये दोष नाही. दोन फोन, दोन भाषा. प्राधान्य ठरवून दिले' असे लिहिले. आधीच्या खेपेचा रीसेट अनावश्यक होता, हे काकांना सांगितले आणि त्यात पुसली गेलेली रेडिओ केंद्रे पुन्हा भरून देण्यासाठी थांबायची विनंती केली. सहा बटणांपैकी तीन केंद्रे काकांना आठवली. उरलेली तीन काकूंची होती, ती त्यांनी सांगितली.