पुण्यात घर घेताना आम्ही एरिया कसा ठरवला

आम्ही हडपसरला भाड्याने राहत होतो, नवऱ्याचं ऑफिस हिंजवडीला आणि माझी बँक शिवाजीनगरला, म्हणजे त्याचा निम्मा जीव ट्रॅफिकमध्येच जायचा. शेवटी ठरवलं की आता स्वतःचं घर घ्यायचं आणि ते पश्चिमेकडेच. लेक सातवीत, सासूबाईंचे गुडघे दुखतात, बजेट ठरलेलं.

जो तो सांगायचा वाकड बघा, रावेत बघा. बघितलं. तिथे त्याच पैशात मोठा फ्लॅट मिळतो, हायवे जवळ, नवऱ्याला तर एकदम सोयीचं. पण पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर 2019 पासून पाणी दिवसाआड येतं आणि तिथून मला रोज शिवाजीनगर गाठायचं म्हणजे अवघडच होतं. बाणेर बजेटच्या बाहेर, त्यामुळे तो विषय लगेच संपला.

बावधन मात्र मनापासून आवडलं होतं. समोर डोंगर, हवा छान, चांदणी चौकातला नवा पूल 2023 ला झाल्यापासून जाणं-येणंही सोपं झालंय. एक फ्लॅट जवळजवळ पक्का करत आणला होता. मग मी मालकांकडे वर्षभराची मेंटेनन्सची बिलं मागितली, ते बिचारे सरळ होते, त्यांनी लगेच दिली. त्यात टँकरचा खर्च वेगळा लावलेला, आणि मार्च ते मे तो आकडा असा चढत गेलेला की मी नवऱ्याला नुसतं बोटाने दाखवलं. खाली येऊन वॉचमनकाकांना विचारलं तर म्हणाले, ताई, एप्रिलमध्ये एकदा सकाळी येऊन बघा, टँकरची लाईन लागते. बावधन बुद्रुक 2021 ला बाकीच्या गावांबरोबर महापालिकेत आलं, पण हद्दीत आलं म्हणून नळाला लगेच पुरेसं पाणी येतं असं नाही ना. ब्रोकर म्हणाला मॅडम हे सगळीकडेच असतं. सगळीकडे नसतं, विचारलं की कळतं.

सिंहगड रोडला नदीकडच्या बाजूला एक स्वस्तात मिळत होता. पण 25 जुलै 2024 ला खडकवासल्यातून पाणी सोडलं तेव्हा एकतानगरीत लोकांच्या घरात पाणी शिरलं होतं ते डोक्यात होतंच. सासूबाईंचं माहेर नारायण पेठेतलं, 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा त्या लहान होत्या, घरातलं सगळं वाहून गेलेलं त्यांना अजून आठवतं. नदीकाठ म्हटल्यावर त्या ठाम नाही म्हणाल्या आणि मला ते शंभर टक्के पटलं. तिकडे घेणार असाल तर निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते ते नकाशावर बघाच, निळी म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणारा पूर आणि लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणारा.

शेवटी कोथरूडला पौड रोडच्या आतल्या गल्लीत जुन्या सोसायटीतला रिसेलचा घेतला. फ्लॅट लहान आहे, कारला पार्किंग नाही, ती रस्त्यावरच लावावी लागते आणि त्याचा त्रास होतो हे खरं. पण लिफ्ट आहे, पाणी महापालिकेचं, कधीतरी गुरुवारी दुरुस्तीला बंद असतं तेवढंच. आनंदनगर मेट्रो स्टेशन चालत जाण्यासारखं, सिव्हिल कोर्टला लाईन बदलली की मी शिवाजीनगरला. नवरा चांदणी चौकातून हायवेने जातो. पक्कं करायच्या आधी सोमवारी सकाळी ऑफिसच्या वेळेला मुद्दाम तिथून गाडी काढून बघितली होती, रविवारी बघून काहीच कळत नाही.

कागदपत्रांत इंडेक्स टू (म्हणजे नोंदणी झालेल्या खरेदीचा उतारा), शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला), भोगवटा पत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) आणि सोसायटीची एनओसी वकिलांकडून तपासून घेतली. जुनी सोसायटी असेल तर कन्व्हेयन्स झालंय का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर झालीय का, तेही विचारा, पुढे रिडेव्हलपमेंटला तेच लागतं. घर एकट्या माझ्या, म्हणजे बाईच्या, नावावर घेतलं त्यामुळे स्टॅम्प ड्युटी 7 ऐवजी 6 टक्के लागली, बरेच पैसे वाचले.

आता मैत्रिणी विचारतात कुठे बघू, तर मी आधी नोकरी कुठे ते विचारते. दोघांचंही ऑफिस हिंजवडीला असेल तर मी पण वाकडच सांगीन, सोसायटीत पाण्याची साठवण किती आहे ते बघून. खराडीकडे असेल तर विमाननगर, मेट्रो रामवाडीपर्यंत आहेच. वाघोलीत स्वस्त मिळतं, पण तिथे मेंटेनन्सची बिलं बघितल्याशिवाय टोकन देऊ नका.